मोरीत सांडलेला रस

मी एकतीस वर्षं एसटीच्या मार्ग तपासणी पथकात काढली. अकोला-अमरावती रस्त्यावर गाडी थांबवायची, आत चढायचं आणि तिकिटं मागायची, हेच काम. तिकीट मागितलं की खरा प्रवासी खिसे चाचपतो आणि खोटा आधी बोलायला लागतो, या एका ज्ञानावर माझी सगळी नोकरी निघाली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाला माप भरतो तेव्हा मी दारात उभा असतो. भाजीवाली तराजू उचलते तेव्हा मी तराजूकडे नाही, तिच्या अंगठ्याकडे पाहतो. माझी बायको आरती म्हणते, "तुमाले देव भेटला तरी त्याले पहिले आधार कार्ड मांगसान." ती गमतीनं म्हणते. मी मनात म्हणतो, मागीनच, त्यात काय चुकलं?

एवढं स्वतःबद्दल सांगायचं कारण असं की मला शकुनबद्दल लिहायचं आहे, आणि माझ्याबद्दल खोटं लिहून तिच्याबद्दल खरं लिहिता येणार नाही.

माझी आई चतुराबाई एक्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिच्या किडन्या थकल्या आहेत, बीपी तर जुनाच. गेल्या नोव्हेंबरात ती माझ्या बहिणीकडे, शालूकडे, अकोल्याला गेली होती. तिथं तिच्या पायांवर सूज आली, दम लागायला लागला आणि नऊ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही, पण घरी सांभाळणारं माणूस शिकलेलं हवं. दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी नर्सनं माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवला आणि इथं सही, इथं सही करत सात-आठ ठिकाणी सह्या घेतल्या. खाली गाडी उभी होती, आई खुर्चीवर ताटकळली होती. मी सह्या केल्या आणि आईला अमरावतीला घेऊन आलो.

घरी आल्यावर गोळ्यांची यादी तेवढी मी काढून स्वयंपाकघरात लावली. बाकीची फाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याच फाइलमध्ये आईचं आधार, पासबुक आणि वावराचा सातबारा होता. घरात उद्यापासून परकी बाई वावरणार होती. किल्ली मी बंडीच्या खिशात ठेवली.

ती परकी बाई म्हणजे शकुन. घरी रुग्णसेवेला माणसं पुरवणारं एक सेंटर आहे, त्यांनी पाठवली. बडनेऱ्याहून यायची, सकाळी आठ ते रात्री आठ. वय चाळीस-बेचाळीस, अंगानं काटकुळी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मनगटावर पुरुषी घड्याळ, मोठ्या सेकंदकाट्याचं. पहिल्या दिवशी आली ती आईकडे न जाता सरळ हात धुवायला गेली. मी मनात म्हटलं, पहिल्याच दिवशी नाटक.

नाटकं पुढेही बरीच निघाली. आरतीनं सकाळच्या गोळ्या आधीच वाटीत काढून ठेवल्या होत्या. शकुननं वाटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, काढून ठेवलेली गोळी मी देत नाई. पट्टी द्या."

"अवं, आताच काढल्या म्या."

"तुमी काढल्या असतीन. मी नाई ना पाहिल्या."

मग तिनं एकेक पट्टी घेऊन खिडकीच्या उजेडात धरली, नाव वाचलं, तारीख वाचली आणि गोळी आईच्या हातावर ठेवण्याआधी आईला विचारलं, "आजी, नाव सांगा तुमचं."

आई हसायला लागली. घरात पेशंट एकच, आणि ही नाव विचारते. पण ते रोजचं झालं. सकाळ-संध्याकाळ गोळीआधी नाव विचारायचं, मग घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि शंभर पानी वहीत लिहायचं. आई नाव सांगताना अडखळली तर तेही लिहायचं. लघवी किती झाली, पाणी किती प्यायली, पायावर बोट दाबलं तर खळगा किती वेळ राहिला, सगळं त्या वहीत. संशयी माणूस मी आयुष्यभर आरशात पाहत आलोय. ही माझ्याहून दोन पायऱ्या वर होती, आणि एका घरात दोन संशयी माणसं म्हणजे एका म्यानात दोन तलवारी.

मला तिचा संशय यायला दोन दिवस पुरले. आई दुपारी फार झोपते असं मला वाटायला लागलं. पथकात असताना ऐकलेल्या गोष्टी आठवल्या, की अशा बाया म्हाताऱ्यांना झोपेची गोळी देतात आणि मोबाइल पाहत बसतात. शकुन मोबाइल पाहताना कधी दिसली नाही, पण न दिसणं हा काही पुरावा नाही. एके दिवशी ती आईची पाठ पुसत असताना तिची पिशवी माझ्या हातून "चुकून" पडली. आतून डबा निघाला, वही निघाली आणि रबर लावलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या. आमच्याच पट्ट्या.

ती दारात उभी राहून पाहत होती. चिडली नाही. म्हणाली, "काका, रिकामी पट्टी फेकली तं गेलेली गोळी खरंच पोटात गेली का गादीखाली, हे समजन कसं? नवी पट्टी आली की जुनीशी ताडून पाहतो मी. तुमी बी पाहा."

मी पिशवी उचलून दिली. तिचं उत्तर बरोबर होतं, आणि बरोबर उत्तर इतक्या लवकर आलं म्हणून माझा संशय वाढला.

तिची माहिती मला आरतीकडून तुकड्यातुकड्यानं कळली. तिचं माहेर पातूरचं. नवरा नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात पाळीनं कामाला. मुलगी पिंकी अकोल्याला नर्सिंग शिकते, आणि तिची पुस्तकं सुटीत शकुनही वाचते. ती या कामात आली ती बापामुळे. बापाला साखरेचा आजार होता. शकुन माहेरी गेली असताना एका सकाळी भावानं बापाला साखर उतरवायची गोळी दिली आणि वावरात निघून गेला. शकुननं पाहिलं नव्हतं, तिनंही दिली. बापानं दोन्ही मुकाट्यानं घेतल्या, लेक देते आहे तर नाही कशाला म्हणायचं म्हणून. दुपारपर्यंत तो गेला. दवाखान्यातही पोचला नाही. "तेव्हापासून ती कोणाच्या हातची गोळी देत नाई," आरती म्हणाली. "तिचं म्हननं हाय, चोराचं भेव नाई, मायेच्या हाताचं हाय." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण लोक गोष्टी रचून सांगतात हेही मला माहीत होतं.

आता संत्र्याचं सांगतो. आईचं माहेर वरूडकडचं. माझे मामा, देवमन, चौऱ्याहत्तर वर्षांचे, अजून बागेत उभे राहून तोड करवतात. त्यांच्या घरी एक रीत आहे. अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात उतरणाऱ्या संत्र्यांची, पहिली तोड बहिणीची, मग व्यापाऱ्याची. आईच्या लग्नापासून एक वर्ष चुकलेलं नाही. व्यापाऱ्याचा ट्रक दोन दिवस बांधावर उभा राहिला तरी चालेल, पण चतुरेचं कॅरेट आधी निघालं पाहिजे. त्या वर्षी आई आजारी म्हणून मामांनी एक सोडून तीन कॅरेट पाठवले. फोनवर म्हणाले, "बाई अशक्त झाली हाय, तिले रस पाजा. आपल्या संत्र्यात ताकद हाय."

आमच्याकडे यावर दुमत नसतं. ताप आला, संत्रं. बाळंतपण झालं, संत्रं. माणूस दवाखान्यातून आला की त्याच्या उशाशी संत्र्याची पिशवी नसेल तर भेटायला आलेल्यांना चुकल्यासारखं वाटतं. मी स्वतः रस काढायला बसलो. साखर घातली नाही, मीठ घातलं नाही, म्हणजे पथ्य पाळलंच. मोठा पेला भरून आईकडे निघालो तर शकुन मधे उभी.

"काका, हे आजीले नका देऊ."

"काहून?"

"किडनीच्या पेशंटले चालत नाई. संत्रं, केळं, नारळपानी, बंद असते. रक्तात पोटॅशियम वाढते, मंग नाडी बसते."

"डॉक्टरनं मले तं काही सांगतलं नाई."

"कागदावर असन. अकोल्याच्या दवाखान्याचा कागद दाखवा, मी पाहून घेतो."

एकतीस वर्षांत मला कोणी कागद मागितला नव्हता. मागायचं काम माझं होतं. "गोळ्याची यादी देल्ली ना तुमाले?" मी म्हणालो. "तेवढं पुरे. फाइल घरची हाय." आणि तिच्या बाजूनं जाऊन पेला आईच्या तोंडाला लावला. आई माझ्याकडे पाहत हळूहळू प्यायली. तीन कॅरेट संत्री आईला चालत नाहीत म्हटल्यावर ती कोणाच्या पिशवीतून बडनेऱ्याला जातील, याचा अंदाज मी तोवर बांधून टाकला होता.

शकुननं त्या आठवड्यात कागद आणखी दोनदा मागितला. एकदा माझ्याकडे, एकदा आरतीमार्फत. मग म्हणाली, "कागद नाई तं डॉक्टरचा नंबर तरी द्या." मी म्हणालो, डॉक्टर काय रिकामे बसले आहेत? ती गप्प झाली. तिकिटाच्या बाबतीत गप्प झालेला माणूसही मी कधी सोडला नाही.

रस मी रोज दोनदा काढून आईच्या उशाशी ठेवून जात होतो. पुढं एक दिवस मोरीत गेलो तर संत्र्याचा वास आला. दुसऱ्या दिवशीही आला. पथकात आमची एक युक्ती होती. गाडी तपासून पुढं जाऊ द्यायची, कंडक्टर निर्धास्त झाला की मागून दुसऱ्या गाडीनं जाऊन पुन्हा पकडायची. मी दुपारी पेन्शनरांच्या सभेला जातो म्हणून चपला घालून निघालो, कोपऱ्यावर पानठेल्याशी पंधरा मिनिटं थांबलो आणि मागच्या दारानं परत आलो.

शकुन मोरीत वाकून पेला उपडा करत होती. मीच भरलेला पेला. वरून तिनं तांब्याभर पाणी ओतलं.

"काय करून राहिले तुमी?"

ती दचकली नाही. "रस सांडून राहिली, काका."

"रोज सांडता?"

"नऊ दिवस झाले. तुमी पाजून दिला तेवढा सोडून. आजीची नाडी अठ्ठावन्नवर आली होती, आता सहासष्ट हाय. हे पाहा." तिनं वही पुढं केली.

मी वही हातात घेतली नाही. माझ्या मामाच्या बागेतला, आईच्या माहेरचा रस मोरीत गेला होता, एवढंच मला दिसत होतं. मी आईकडे वळलो. ती पलंगावर टक्क जागी होती. "आई, तुले माहीत होतं काय हे?" आईनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, बघा, हिला काहीतरी देऊन ठेवलंय, शुद्ध राहत नाही तिची.

त्याच पावली शकुनला काढलं. सेंटरला फोन केला आणि सांगितलं, तुमची बाई पेशंटच्या तोंडचं फेकते. तिथंच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण तोंड सुटलं की माझं मला आवरत नाही. "चोरीचाबी संशय हाय माहा," असंही म्हणून गेलो. शकुन हे ऐकत उभी होती. तिनं पेला घासून पालथा घातला, वहीतलं एक पान फाडून त्यावर काही लिहिलं आणि ते आरतीच्या हातात दिलं. "काकू, नाडी पन्नासच्या खाली गेली, नाईतं पाय उचलेनासे झाले, तं वाट पाहू नका. सरळ दवाखान्यात न्या." मग आईजवळ जाऊन म्हणाली, "येतो आजी." आईनं तिचा हात धरला तो लवकर सोडला नाही. मी तेही पाहिलं आणि त्याचाही उलटाच अर्थ लावला.

नवी बाई मिळेपर्यंत आम्ही दोघंच आईचं पाहू लागलो. गोळ्या वेळेवर दिल्या, पथ्याचं जेवण दिलं. आणि रस मी दोनाचा तीन वेळा केला, मधल्या नऊ दिवसांची भरपाई म्हणून. समोर बसून शेवटच्या थेंबापर्यंत पाजायचो. आई एकदा म्हणाली, "पुरे रे, मळमळते." मी म्हणालो, अशक्तपणानं मळमळतं, पी. शालूला आणि मामांना फोन करून शकुनची सगळी हकीकत सांगितली, थोडी तिखटमीठ लावूनच. दोघांनाही माझंच पटलं.

चौथ्या दिवशी सकाळी आईला बसतं करायला गेलो तर तिचे पाय हलेनात. ओल्या पोत्यासारखे जड. ती बोलत होती, पण आवाज खोल गेलेला. आरतीनं शकुनचं पान काढलं, आईचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मोजलं. म्हणाली, "चव्वेचाळीस."

"तुले मोजता येत नाई," मी म्हणालो.

तिनं पुन्हा मोजलं. त्रेचाळीस. मग तिनं माझ्याशी न बोलता फोन उचलला आणि गाडी बोलावली.

तेवढ्या वेळात मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी कपाट उघडलं. माझ्या मनानं केव्हाच निकाल दिला होता, की शकुननं जाता जाता काहीतरी करून ठेवलंय. पोलिसात द्यायला तिच्या ओळखपत्राची झेरॉक्स हवी होती आणि ती मी त्याच फाइलमध्ये ठेवली होती. ती शोधता शोधता एक पिवळा कागद हाती आला. छापील, चांगल्या मराठीत. वर लिहिलेलं, किडनीच्या रुग्णांसाठी आहार. खाली दोन रकाने, एक चालेल, दुसरा चालणार नाही. दुसऱ्या रकान्यात पहिलंच नाव संत्री-मोसंबी, आणि त्याभोवती डॉक्टरांनी लाल पेनानं दोनदा गोल केलेला. बाजूला हातानं लिहिलं होतं, रस अजिबात नको. सर्वांत खाली एक ओळ होती: वरील पथ्य मला समजावून सांगण्यात आले आहे. तिच्याखाली सही माझी होती. मी सहीखाली दोन रेघा मारतो. दोन्ही रेघा होत्या.

गाडी आली तेव्हा कागद माझ्या खिशात होता. दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयाचा ईसीजी काढला, रक्त घेतलं आणि विचारलं, खाण्यात काय दिलं? मी कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, यातलं पहिलं. दिवसातून तीन पेले. त्यांनी लगेच नर्सला हाक मारली. माझ्याशी बोलायला त्यांना वेळ नव्हता. इंजेक्शनं झाली, एक डायलिसिस झालं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, दुपारपर्यंत थांबला असता तर आणायचं कारण उरलं नसतं.

संध्याकाळी शालू अकोल्याहून आली, मामा वरूडहून आले. आयसीयूबाहेरच्या बाकावर मामा मला म्हणाले, "रामराव, त्या बाईवर रिपोर्ट टाक. सोडाचं नाई तिले." शालू म्हणाली, "दादा, मले तं तुहा फोन आला तवाच वाटलं, हिनं काहीतरी पाजलं." दोघं माझ्या तोंडाकडे पाहत होते. कागद खिशात टोचत होता. मी "पाहू" म्हणालो. त्या दिवशी मी भ्यालो, याहून दुसरं काही कारण नाही.

तिसऱ्या दिवशी आईला खोलीत आणलं. आम्ही चौघं पलंगाभोवती होतो. तिनं डोळे उघडून एकेकाकडे पाहिलं आणि विचारलं, "शकुन कोठी हाय?"

"तिले काढलं, आई," मी म्हणालो.

"काहून?"

"रस सांडत होती ती मोरीत."

"म्याच सांगतलं होतं तिले सांडाले," आई म्हणाली. "तो पेला पाहिला की मले मळमये. ती म्हने, आजी, हे तुमाले जहर हाय, मी काकाले सांगतो. म्या म्हनलं, नको सांगू बाई. तो कटकट करन, देवमनले फोन करन, देवमनले वाईट वाटन. तू चुपचाप सांडून दे."

"मंग त्या दिवशी बोलली काहून नाई? म्या इचारलं होतं तुले."

"तू कोनाले बोलू देतं काय रे?" आई म्हणाली. रागानं नाही, जुनी माहितीची गोष्ट सांगावी तशी. "ती बाई माहं नाव न घेता चालली गेली. म्या डोये झाकले."

मग मी कागद काढला आणि सगळ्यांसमोर वाचला. लाल गोलापासून सहीपर्यंत. मामा स्टुलावर बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मले कोनी एक फोन केला असता तं म्या पाठवलीच नसती. बहिनीपेक्षा संत्रं मोठं हाय काय?" त्यांना वाईट वाटेल म्हणून आई विष पीत होती, आणि ते वाईट त्यांना कधी वाटणारच नव्हतं. आम्ही कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

आई घरी आल्यावर मी आधी सेंटरवर गेलो. माझ्या फोनमुळे त्यांनी शकुनला काम देणं बंद केलं होतं. चौकशीही केली नव्हती. चोरीचा शब्द कानावर आला की पुरतं. मी लिहून दिलं की माझी तक्रार खोटी होती, चूक माझी होती, आणि सही करताना या वेळी वरचं सगळं दोनदा वाचलं. मग फाइल घेऊन बडनेऱ्याला गेलो.

शकुन घरीच होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तिच्या हातात पिवळा कागद ठेवला. तिनं चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. सहीपाशी नजर थोडी थांबली. "हेच मांगत होती मी," एवढंच म्हणाली.

मी माफी मागितली. आयुष्यात फार वेळा मागितलेली नाही, त्यामुळे नीट जमलीही नसेल. तिनं ती ऐकून घेतली आणि विचारलं, "आजीची नाडी किती हाय आता?"

"सत्तर. सकाळी म्याच मोजली."

"पूर्ण मिनिट?"

"अर्धं. मंग दुप्पट केलं."

"पूर्ण मोजत जा, काका. अर्ध्यात फसगत होते."

मी म्हणालो, "तुमीच या ना. फाइल तुमच्याजवळ ठेवा. कपाटाची किल्लीबी तुमच्याजवळच राहू द्या. तुमी म्हनसान तसं."

तिनं मान हलवली. "नाई काका. मी येत नाई."

मला वाटलं, चोर म्हटल्याचा राग आहे. तसं बोललोही. ती म्हणाली, "त्याचं काही नाई. दहा घरी काम केलं तं तीन घरी कोनी ना कोनी म्हनतेच. पन आजी तुमाले भेते. जिथं पेशंट घरच्याले भेते, तिथं त्याले काय दुखते ते मलेबी समजत नाई. मले तो आजार पाहता येत नाई." तिनं कागद घडी करून मला परत दिला. "ह्या कागदाची एक झेरॉक्स सैपाकघरात लावा. जे कोनी नवीन येईन त्याले पहिल्याच दिवशी दाखवा. आन आजीले रोज एक गोष्ट इचारत जा, आज काय नको वाटते म्हून. तिनं सांगतलं की ऐकून घ्या."

मी घरी आलो तेव्हा आई उशीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "येते काय ती?"

"नाई म्हनते."

"काहून?"

मी तिला शकुनचा शब्द न् शब्द सांगितला, काही कमी-जास्त केलं नाही. सांगून झाल्यावर मी तिच्या तोंडाकडे पाहत थांबलो. नाही रे बाबा, मी तुला कशाला भेईन, असं ती म्हणेल, याची मी वाट पाहत होतो. आईनं पदर सारखा केला आणि आरतीकडे घोटभर पाणी मागितलं.